पाकातली मिरची

साखरेच्या पाकात शिजविलेली आणि बाटलीत भरून ठेवलेली मिरची हा पदार्थ अमेरिकेचा म्हणून आज ओळखला जातो. तिकडच्या दक्षिण भागात, विशेषतः टेक्सासकडे, हालापेन्यो जातीच्या मिरचीच्या चकत्या साखर व सिरका यांच्या पाकात शिजवून काचेच्या बरण्यांत बंद करतात, आणि गुराख्याची मिठाई अशा अर्थाने तिला 'काऊबॉय कँडी' म्हणतात. ही कृती आता आपल्याकडील घरांतूनही होऊ लागली आहे. ती करताना दोन समज हमखास आढळतात. पहिला असा की, मिरची गोडात घालण्याची कल्पनाच परकी आहे. दुसरा असा की, बाटलीचे झाकण घट्ट बसले म्हणजे आतील पदार्थ सुरक्षित झाला. पहिल्या समजाने कोणाचे नुकसान होत नाही. दुसऱ्याने जिवावर बेतू शकते. दोहोंचा निकाल इतिहासाच्या आधारे लावता येतो, आणि तो लावावयास हुबळीतील केशवापुरासारखी वस्ती फार सोयीची आहे.

केशवापूर हे हुबळी स्थानकाच्या आसपास रेल्वेच्या आधाराने वाढलेले. या गावाचा मराठीशी संबंध मात्र रेल्वेहूनही जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास सावनूरच्या नबाबाकडून हा मुलूख मराठ्यांकडे आला. १८१७ साली जुनी हुबळी इंग्रजांच्या हाती गेली, आणि १८२० साली सांगलीच्या पटवर्धनांकडील नवी हुबळीही त्यांनी घेतली. पुढे सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना १८८५ च्या सुमारास येथे उभा राहिला. १८८८ साली मार्मागोवा बंदरातून घाट चढून येणारी पोर्तुगीज हद्दीतील रेल्वे कॅसलरॉकजवळ या रेल्वेस मिळाली, आणि गोव्याचा किनारा व धारवाडची काळी जमीन एका लोहमार्गाने जोडली गेली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे कानडी, मराठी आणि कोंकणी या तिन्ही भाषांची स्वयंपाकघरे येथे शेजारी शेजारी नांदली. मिरचीच्या इतिहासासही हाच मार्ग ओळखीचा आहे. तीही समुद्रावरून आली, घाट चढली, आणि या काळ्या जमिनीत रुजली.

मिरची येण्यापूर्वी आपले लोक तिखट खात नव्हते, असे मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कर्नाटकातील राजवाड्याच्या त्या स्वयंपाकात तिखटपणाचे काम मिरे व आले ही मंडळी करतात. तेथे मिरचीचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, कारण मिरची तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास होती. मेक्सिकोतील लोक सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीपासून तिची लागवड करीत आले होते. १४९३ साली कोलंबस आपल्या पहिल्या सफरीवरून परतला, तेव्हा ती स्पेनमध्ये पोहोचली. पुढे १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतला, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. ती इतक्या झपाट्याने आपलीशी झाली की, लेओनहार्ट फुख्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ च्या आपल्या ग्रंथात तिला कालिकतचे मिरे असे नाव दिले. अमेरिकेतून आलेले फळ युरोपातील विद्वानांस अर्ध्या शतकातच हिंदुस्थानचे वाटू लागले होते. १५६४ साली निवर्तलेल्या पुरंदरदासांच्या नावावरही मिरचीवरचे एक पद सांगितले जाते. ते पद खरोखर त्यांचेच असेल, तर तुंगभद्रेच्या काठीही मिरची त्याच काळात परिचित झाली होती असे म्हणावे लागेल.

नव्या फळास नाव देताना आपल्या तिन्ही भाषांनी एकच युक्ती केली. ज्या जुन्या पदार्थाची जागा ते घेणार होते, त्याच्याच नावावरून ते ओळखविले. मराठीने मिऱ्यापासून मिरची केली. कानडीत मिऱ्यास 'मेणसु' म्हणतात, तर मिरची झाली 'मेणसिनकायि', म्हणजे मिऱ्याचे फळ. कोंकणीने तिला 'मिरसांग' म्हटले, म्हणजे मिऱ्याची शेंग. मुंबईकडे तिला एके काळी 'गोवाई मिरची' असेही म्हणत. मिरे महाग आणि मलबारच्या पावसावर अवलंबून. मिरची मात्र परसात, वाफ्यात, कुंडीतही येते. श्रीमंताच्या ताटातील तिखटपणा तिने गरिबाच्या भाकरीवर आणून ठेवला. या दृष्टीने पाहिले तर तिचे आगमन ही केवळ रुचीची घटना नव्हती.

आता गोडाचा प्रश्न घेऊ. तिखटास गोडात मुरविण्याची रीत मिरचीने आणली नाही. ती आपल्याकडे आधीच होती. आल्याचा कीस साखरेच्या पाकात आटवून केलेला आलेपाक, सुंठ व साखर यांचा सुंठवडा, हे त्याचेच नमुने. त्यांत औषधाची दृष्टी आहे तशी चवीचीही आहे. मिरची आली ती या तयार घरात. मराठी पानाच्या डाव्या बाजूस वाढले जाणारे पंचामृत हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पूजेच्या पंचामृताशी याचा नावापुरताच संबंध. हिरव्या मिरचीचे तुकडे फोडणीत परतून चिंचेचा कोळ, गूळ, तिळाचे व दाण्याचे कूट, खोबरे आणि गोडा मसाला घालून ते शिजवितात. मिरचीचा तुकडा गूळ-चिंचेच्या रसात इतका मुरतो की, लहान मुलेही तो निवडून खातात. कानडी घरांतील गोज्जू त्याच कुळातील.

धारवाड-हुबळीच्या बाजूस याहून अधिक टिकाऊ प्रकार आहे, तो रंजक. मराठी मुलखात कोल्हापूर-सांगलीकडे त्याला रंजका म्हणतात. थंडीच्या अखेरीस झाडावर पिकून लाल झालेली, परंतु अजून न वाळलेली मिरची आणून ती पुसून कोरडी करावयाची, देठ काढावयाचे, आणि मीठ, लसूण, मेथी, चिंच किंवा लिंबाचा रस यांसह वाटावयाचे. पुष्कळ घरांत त्यात गूळ पडतो. हा गोळा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरला की, तो पुढे महिनोन् महिने ज्वारीच्या भाकरीस पुरतो. हवा तेवढा काढून घ्यावयाचा आणि वरून तेलाची फोडणी द्यावयाची. जुन्या मराठीत बंदुकीच्या कानात भरावयाच्या दारूसही रंजक म्हणत. ज्याने हा पदार्थ भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर बेताबाहेर घेतला असेल, त्यास हे नामसाम्य पटवून द्यावे लागत नाही.

या भागात रंजकास लागणारी मिरची बहुधा ब्याडगी. ब्याडगी हे गाव आज हावेरी जिल्ह्यात आहे. १९९७ पूर्वी तेही धारवाड जिल्ह्यातच होते. तेथील बाजारपेठेच्या नावाने ओळखली जाणारी ही मिरची कुंदगोळ, नवलगुंद, गदग या बाजूच्या काळ्या जमिनीतही पिकते. तिचे दोन प्रकार : लांब, सडपातळ ती कड्डी, आणि आखूड, फुगीर ती डब्बी. दोन्हींच्या सालीवर सुरकुत्या असतात, दोन्हींचा रंग गर्द लाल असतो, आणि त्या मानाने तिखटपणा बेताचा असतो. २०११ साली ब्याडगी मिरचीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. पुढे गोव्यातील खोला मिरचीस २०१९ साली व हरमल मिरचीस २०२१ साली तो मान मिळाला. किनारा आणि पठार दोघांनीही परक्या फळास आपापल्या गावाची नावे दिली, आणि सरकारी दप्तरानेही ती मान्य केली.

गोव्याने मात्र मिरची टिकविण्याचा निराळा मार्ग धरला. पोर्तुगीजांबरोबर मांस सिरक्यात मुरविण्याची रीत आली, आणि माडाच्या सुरेपासून सिरका करण्याची सोय येथे होतीच. सिरका, लसूण आणि मिरची यांचे मिश्रण पुढे विंदालूत स्थिरावले. मासळीत भरावयाच्या रेशाद मसाल्यात लाल मिरची सिरक्यात वाटतात आणि चव साधण्यास किंचित साखरही घालतात. म्हणजे घाटावर चिंच व गूळ, तर घाटाखाली सिरका व साखर. आंबट बदलले, गोड बदलले. परंतु तिखटास आंबट-गोडाच्या कोंदणात बसविण्याची दृष्टी एकच राहिली. टेक्सासच्या बरणीत जे साखर-सिरक्याचे मिश्रण दिसते, ते गोव्याच्या स्वयंपाकघरास मुळीच नवे नाही.

शब्दांचा इतिहासही हेच सांगतो. आपण 'मुरंबा' म्हणतो, तेव्हा मुरलेला आंबा अशी फोड आपल्या मनात येते. ती गोड असली तरी खरी नव्हे. मूळ शब्द अरबी 'मुरब्बा'. त्याचा धातू वाढविणे, जोपासणे या अर्थाचा आहे. उलट इंग्रजीतील 'कँडी' हा शब्द आपल्याकडून गेलेला. संस्कृत 'खंड', म्हणजे साखरेचा खडा. त्याचे फारसीत 'कंद', अरबीत 'कंदी' झाले, आणि फ्रेंच भाषेच्या वाटेने तो इंग्रजीत पोहोचला. अमेरिकन गुराख्याच्या मिठाईत मिरची मेक्सिकोची आहे, आणि तिच्या नावातील खांड आपली आहे.

गोडाने तिखट शमते हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचे कारण समजण्यास वेळ लागला. मिरचीतील दाहक द्रव्यास 'कॅप्सायसिन' हे नाव १८७६ साली इंग्रज रसायनज्ञ थ्रेश याने दिले. हे द्रव्य पुष्कळांस वाटते त्याप्रमाणे बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढऱ्या शिरेस चिकटलेल्या असतात, त्या शिरेत तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही. तेलात व मद्यार्कात विरघळते. म्हणूनच मिरच्या चिरून हात भगभगू लागले असता नुसत्या पाण्याने आराम पडत नाही, आणि खोबरेल चोळून मग साबणाने धुतले तर पडतो. १९१२ साली अमेरिकेतील विल्बर स्कोव्हिल याने तिखटपणा मोजण्याची जी पद्धत काढली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी मार्मिक आहे. मिरचीचा अर्क मद्यार्कात उतरवून तो साखरेच्या पाण्यात पातळ करीत जावयाचा, आणि चाखणाऱ्यांस तिखटपणा जाणवेनासा होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला ते मोजावयाचे. म्हणजे जगातील मिरच्यांचा पहिला मापदंड साखरेच्या पाण्यातच तयार झाला. दाहाची जाणीव जिच्यामुळे होते ती मज्जातंतूवरील ग्रहणी डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधून काढली. त्यांस २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तीच ग्रहणी उष्णतेनेही चाळविली जाते. तिखट 'जाळते' असे आपण म्हणतो, तो केवळ अलंकार नव्हे, हे त्यामुळे कळून आले.

आता टिकण्याचा विचार. फळ नासते ते त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, आणि त्या जिवांस पाणी लागते. साखरेचे प्रमाण पाकात सुमारे ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत नेले म्हणजे पाणी असूनही ते त्यांच्या उपयोगी पडत नाही. साखरेने ते धरून ठेवलेले असते. मुरंब्याच्या कृतीतील बारकावे या एका गोष्टीसाठी आहेत. आवळ्यास टोचे मारावयाचे ते पाक आत शिरावा म्हणून. पाक एकदम घट्ट न करता दिवसादिवसाने चढवीत न्यावयाचा तो अशासाठी की, घट्ट पाकात फळ एकदम टाकले तर त्यातील पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाऊन फळ आक्रसते व कातड्यासारखे होते. लिंबू पिळावयाचे ते साखरेचे पुन्हा खडे होऊ नयेत म्हणून. मीठही पाणी बांधून ठेवते. चिंच, लिंबू, सिरका यांचे आम्ल निराळ्या रीतीने काम करते : घातक जंतूंस ज्यात वाढता येत नाही असा रस ते तयार करते. रंजकात मीठ आणि आम्ल दोन्ही आहेत. वाटणात ओला चमचा घालू नये, बरणी उन्हात कोरडी करून घ्यावी, तोंडास कोरडे फडके बांधावे, हे आजीबाईंचे नियम भाबडे नव्हते. ते पाण्याविरुद्धचे नियम होते.

साखर स्वस्त होईपर्यंत घरोघर पाक करणे शक्य नव्हते, गूळच सर्वांचा. बेळगाव जिल्ह्यातील उगारचा साखर कारखाना १९३९ साली स्थापन झाला, आणि अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी उभारलेला सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. काचेचेही तसेच. पैसा फंडाच्या मदतीने तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना निघाला, आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीस १९१६ साली ओगल्यांचा. स्वदेशीच्या चळवळीतून निघालेल्या या उद्योगांमुळे देशी काच आपल्या घरांत आली. चिनी मातीची बरणी मात्र लोणच्याच्या मानाच्या जागेवरून लवकर हटली नाही.

बाटली हवाबंद करून अन्न टिकविण्याची विद्या निराळी, आणि ती तुलनेने नवी आहे. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न काचेच्या बाटल्यांत भरून, बुचे घट्ट बसवून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत काढली. १८१० साली फ्रेंच सरकारने त्यास १२,००० फ्रँकांचे बक्षीस दिले, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँड याने पत्र्याच्या डब्याचा हक्क नोंदविला. ही रीत यशस्वी का होते हे आपेरला सांगता आले नाही. ते कळावयास १८६० नंतर लुई पाश्चरचे प्रयोग व्हावे लागले. अमेरिकेत जॉन मेसन याने १८५८ साली आट्याच्या झाकणाच्या बरणीचा हक्क घेतला, आणि ही विद्या कारखान्यातून गृहिणीच्या हाती गेली. आपल्याकडे म्हैसूर येथे १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली, आणि १९५५ साली निघालेल्या सरकारी आदेशाने मुरंबे, लोणची, सिरका यांच्या व्यापारी उत्पादनास नियम लागू केले. घरातील बरणी या नियमांच्या बाहेरच राहिली, आणि जुन्या रीतीने चाललेली असेपर्यंत त्यात बिघडले काहीच नाही.

बिघडते ते दोन रीतींची गल्लत झाली म्हणजे. १८९५ साली बेल्जममधील एका खेड्यात अंत्ययात्रेसाठी आलेल्या वाजंत्र्यांनी खारविलेले मांस खाल्ले, आणि त्यांपैकी तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम याने त्या मांसात जो जंतू शोधून काढला, त्याचा विशेष असा की, तो हवा नसलेल्या ठिकाणीच वाढतो, आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत; त्यांस मारावयास दाबाखालील वाफेची सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्याच्या विषाने दृष्टी अंधुक होते, गिळता येईनासे होते, आणि अखेर श्वास थांबतो. आम्ल पुरेसे असेल, किंवा मिठाने अथवा साखरेने पाणी पुरेसे बांधलेले असेल, तर हा जंतू वाढत नाही. शास्त्रज्ञांच्या मापाने रसाचा सामू ४.६ च्या खाली असला पाहिजे. ताज्या मिरचीचा सामू बहुधा याहून वर असतो. म्हणजे मिरची हे चवीने कितीही जहाल असले तरी या जंतूच्या दृष्टीने सौम्य फळ आहे. १९७७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील पॉन्टिअॅक शहरात एका उपाहारगृहात खाल्लेल्या मिरच्यांमुळे ५९ माणसांस ही विषबाधा झाली. त्या मिरच्या घरगुती रीतीने, चुकीच्या पद्धतीने, बरण्यांत बंद केलेल्या हालापेन्यो होत्या.

फडके बांधलेल्या रंजकाच्या बरणीत जे रक्षण होते, ते रसातील मीठ व आम्ल करीत होते. भांडे केवळ धूळ व ओल बाहेर ठेवीत होते. हवाबंद बाटलीत माणूस भांड्यावर विसंबतो आणि रसाकडे दुर्लक्ष करतो. ज्या हवेच्या अभावाने बुरशी मरते, तोच अभाव या जंतूस पोषक ठरतो. म्हणून हवाबंद बाटलीतील मिरचीस आम्ल जुन्या बरणीपेक्षा अधिक काटेकोरपणे लागते.

येथे परदेशी कृती आपल्याकडे आणताना एक अडचण उभी राहते. तिकडे प्रचलित असलेले प्रमाण साधारण असे : सव्वा ते दीड किलो मिरची, सव्वा किलो साखर, अर्धा लिटर सिरका. हा सिरका ५ टक्के आम्लाचा धरलेला असतो. आपल्या कायद्याप्रमाणे सिरक्यात किमान ३.७५ टक्के आम्ल असले म्हणजे पुरे, आणि दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांवर ४ टक्के असेच छापलेले असते. तोच सिरका मापाने तितकाच घातला, तर आम्ल पाचव्या हिश्श्याने कमी पडते. दुसरी गोष्ट उंचीची. हुबळी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचावर असल्यामुळे तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. अमेरिकन पुस्तकांत समुद्रकाठच्या गावास बाटल्या दहा मिनिटे उकळावयास सांगितल्या असतील, तर एवढ्या उंचीवर पंधरा मिनिटे सांगतात. मार्मागोव्यास जे प्रमाण व जो वेळ चालेल, तो केशवापुरास चालेलच असे नाही.

करावयाचेच असेल तर ते असे करावे. ब्याडगी मिरची पातळ सालीची, ती वाळवावयास व वाटावयास उत्तम. पाकास जाड गराची मिरची हवी. हुबळीत गिरमिटाबरोबर जी भजी खातात, त्या भज्यांची लांब, फिकट हिरवी मिरची यास योग्य. मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात, आणि बोटभर जाडीहून कमी अशा चकत्या कराव्यात. तिखट कमी हवे असेल तर पांढरी शीर काढून टाकावी. ५ टक्के आम्लाचा सिरका व साखर एकत्र उकळून पाच मिनिटे ठेवावी, त्यात चकत्या घालून चार मिनिटे मंद आचेवर शिजवाव्यात, आणि झाऱ्याने काढून गरम, स्वच्छ बरण्यांत भराव्यात. उरलेला पाक आणखी पाच-सहा मिनिटे आटवून तो चकत्या बुडतील इतका वरून ओतावा. साखर चवीप्रमाणे थोडी कमी-अधिक झाली तर चालेल. सिरका कमी करू नये, त्यात पाणी घालू नये, आणि मिरचीचे प्रमाण वाढवू नये. ४ टक्क्यांचाच सिरका मिळत असेल तर बरणी बंद करून कपाटात ठेवण्याचा हट्ट सोडावा, ती शीतकपाटात ठेवावी, आणि महिन्याभरात संपवावी. झाकण फुगले, पाक गढुळला किंवा उघडताना वायू फसफसून बाहेर आला, तर चव घेऊन पाहण्याच्या भानगडीत पडू नये. वास व चव शुद्ध असूनही विष असू शकते. म्हणून मुळातले प्रमाणच खरे रक्षण. पंचामृत तर कधीही हवाबंद करून बाहेर ठेवू नये. ते चार-आठ दिवसांत, थंड जागी ठेवून, संपवावयाचेच अन्न आहे.

आपल्या घरांतील ही विद्या बहुतांशी अंदाजाची. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली निघाले, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली, आणि या दुसऱ्या पुस्तकाने वाटी-चमच्याचे माप मराठी घरांत रूढ केले. तथापि रंजकाची कृती अजूनही पुष्कळ घरांत सासूकडून सुनेकडे हातांच्या मापानेच जाते. हा अंदाज चुकीचा नव्हता. मीठ जरा अधिक, चिंच जरा अधिक, ओल मुळीच नाही, या तीन टोकांकडे तो नेहमी झुकलेला असे, आणि त्या झुकण्यात पिढ्यांचा अनुभव साठलेला होता. नव्या पदार्थामागे असा अनुभव नसतो. तेथे हात अजाण असतो, आणि जीभ तर हमखास फसविते, कारण जिभेस आंबट कमी व गोड अधिक आवडते. म्हणून नव्या बरणीस माप हवे. आणि आज जे हात रंजक भरतात, त्यांचेही माप एकदा तराजूत घालून लिहून ठेवले पाहिजे. मिठाची मूठ किती तोळ्यांची, चिंचेचा गोळा केवढा, गूळ किती, हे त्या बाईच्या समोर बसून टिपले नाही, तर पुढची पिढी तिची चव आठवील; पण तिची बरणी वर्षभर का टिके, हे तिला सांगता येणार नाही.

मिरची परकी होती; साडेचारशे वर्षांत आपल्या स्वयंपाकघराने तिला आपली केली, ती तिच्यावर आपले जुने नियम लावून. बाटलीही आता आली आहे. तिलाही आपली करावयाची, तर तिचे नियम शिकून घेतले पाहिजेत.